बोटीवरून न उतरलेले आबा

बातमी घेऊन आलेल्या माणसाला मी चहा दिला आणि फैलावर घेतलं. जयसिंगपुरात आबांच्या खोलीला लागून ज्यांचं सरकी-पेंडीचं दुकान आहे, ते गृहस्थ सकाळच्या एस.टी.नं येऊन आमच्या सोप्यात टेकले होते. आबा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, नाटकाचे पडदे रंगवणारे पेंटर. आमच्या गल्लीतल्या तालमीचा फलक रंगवून द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं आणि तो काही येत नव्हता. मला वाटलं, आणखी एक सबब सांगायला यांना धाडलंय. मी सुरू झालो. "काय पावणं, ह्या खेपेला काय झालं? रंग वाळंना का ब्रश घावंना? सांगा त्यास्नी, मारुती खोळंबलाय म्हणावं." गृहस्थांनी कप धरून दोनदा तोंड उघडलं. मी बोलतच होतो. तेवढ्यात बायको आतून आली, तिनं त्यांच्या हातातला तसाच निवलेला चहा पाहिला आणि उंबऱ्यातच खाली बसली. "कधी?" एवढंच तिनं विचारलं. मला कळायला त्यानंतरही थोडा वेळ लागला...

आबा गेल्यावर समाचाराला येणारे आता थांबलेत. येत होते तोवर प्रत्येकजण म्हणायचा, "ती बोटीची गोष्ट सांगा की एकदा." ती गोष्ट मी लग्नात, बारशात, पंगतीत इतक्यांदा सांगितली आहे की तिच्यावर माझा मालकी हक्क लागला आहे. सगळ्यांत मोठ्यानं आबाच हसायचे. पण या दिवसांत ती सांगवेना. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावी, म्हणजे सांगायला नको.

आम्ही दोघं एकाच स्टुडिओत होतो. आबा पडदे रंगवायचे, मी कोठीवर असायचो, म्हणजे मुकुट, तलवारी आणि दाढ्या सांभाळायचो. स्टुडिओ बंद पडला तेव्हा राजेमहाराजांच्या दाढ्या शेवटी मोजून देणारा मीच. मग कितीतरी महिने घरी बसून होतो. अशात आबांना आफ्रिकेतल्या मोंबासाहून बोलावणं आलं. तिथल्या एका गुजराती शेठजींनी नाटकगृह बांधलं होतं आणि त्यांना पडदे हवे होते : राजवाडा, बाग, रस्ता. आबांनी कळवलं की हे काम दोन माणसांचं आहे. दुसरं माणूस म्हणजे मी. मला तर सरळ रेघसुद्धा ओढता येत नाही, हे त्यांना माझ्या लग्नापासून ठाऊक होतं.

जाताना मुंबईचा किनारा दिसेनासा व्हायच्या आत मी आडवा झालो, तो मोंबासा आल्यावर उठलो. मधल्या हिंदी महासागराबद्दल मला काहीही सांगता येणार नाही.

काम एका लवंगांच्या वासाच्या वखारीत होतं. जमिनीवर मांजरपाट अंथरायचा, आणि आबा अनवाणी त्याच्यावर चालत लांब दांडीच्या ब्रशानं रंगवायचे. मी सरस उकळायचा, रंग कालवायचे, आखणीची दोरी धरायची. पण बहिणीचा नवरा पडलो! मी बादलीला हात लावला की आबा ओरडायचे, "दाजी, ठेवा ती खाली! बहिणीला कळलं तर काय म्हणंल?" बहीण समुद्रापलीकडे. मग बादली तेच उचलायचे, आधी मला जेवायला बसवायचे, आणि वखारीतली एकुलती एक खुर्ची माझी. तिथल्या हमालांना वाटलं, 'दाजी' हा फार मोठा हुद्दा असावा. तेही मला दाजी म्हणू लागले. दुपारी एकजण अदबीनं पुढ्यात उभा राहून म्हणायचा, "दाजी, चाय?" चहाला तिकडंही चायच म्हणतात, याचा आबांना कोण आनंद!

दुपारी ऊन असं पडायचं की सगळं गाव दारं लावून झोपायचं. तेव्हा आम्ही हिंडायचो. अरुंद बोळ, कोरीव कामाची भलीमोठी दारं, गोरखचिंचेची हत्तीच्या पोटासारखी झाडं, जुन्या बंदरात शिडाची गलबतं. मी थकून सावली शोधायचो, आबा बघत सुटायचे. मात्र त्यांच्या बघण्याची एक तऱ्हा होती. खाडीच्या काठी उभे राहून म्हणाले, "रंकाळाच हाय की, दाजी! नुसतं मीठ टाकलंय कुणीतरी." किल्ला बघून म्हणाले, "पन्हाळ्याच्या एका बुरजात बसंल." मी म्हणायचो, "आबा, एवढं लांब येऊन कोल्हापूरच बघायचं, तर आलो कशाला?" ते हसायचे आणि पुढं चालू लागायचे.

राजवाडा झाला, बाग झाली. रस्त्याचा पडदा त्यांनी एकट्यानं केला, मला दोरीसुद्धा धरू दिली नाही. तो टांगला तेव्हा शेठजी बराच वेळ बघत राहिले. दोन्ही बाजूंना माड्या, मधे दगडी रस्ता, सगळं ठाकठीक, आणि कोपऱ्यावर एक म्हैस उभी, खाली धार काढायला बसलेला गवळी, भोवती पेला घेऊन थांबलेली माणसं. आमच्या गंगावेशीतला दूधकट्टा! "पेंटरसाहेब, राजाची स्वारी इथून जाणार," शेठजी म्हणाले, "आ भेंसनुं शुं? या म्हशीचं काय?" आबा शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या की. पेलाभर पिऊन जाईल." शेठजी इतके हसले की म्हैस राहिली. नुसती राहिली नाही, आबांनी कायमचं तिथंच राहावं, नाटकगृह सांभाळावं, राहायला खोली, वर्षभर काम, असं शेठजींनी त्याच दिवशी सांगितलं. आबांच्या पत्नीला जाऊन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. कोल्हापुरात पडद्यांचं काम संपलेलं. त्यांनी होकार दिला.

परतीची तिकिटं दोघांची काढलेली होती. त्यांचं त्यांच्या खिशातच राहिलं. ट्रंक, ब्रश सगळं वखारीत ठेवून ते मला पोचवायला आले. वर चढून त्यांनी माझी वळकटी सोडली, अंथरूण घातलं. मी टेकलो आणि... बोट धक्क्याला बांधलेली, दोर ताणलेले, पाणी तळ्यासारखं, आणि माझ्या पोटात कालवाकालव सुरू! आबांनी पुढ्यात डबा धरला. भोंगा झाला. मी म्हटलं, "आबा, उतरा." "उतरतो की. आधी पाणी प्या." पुन्हा भोंगा झाला. "आबा, शिडी काढतील." "काढंनात. तुमी डोळं मिटा." मी मिटले. उघडले तेव्हा खिडकीतून नारळाची झाडं मागं चालली होती आणि आबा पायाशी बसले होते. "असं कसं सोडू?" ते म्हणाले, "बहिणीला काय सांगू, तुझा नवरा पार्सलनं लावून दिलाय म्हणून?"

लोक इथं हसतात. मीही इथंच गोष्ट संपवायचो. पुढचं सांगण्यासारखं नव्हतं. पडद्यांचं काम गेलं ते गेलंच. आबा जयसिंगपुरात व्यापाऱ्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. खांदा दुखायचा, तरी शिडीवर चढायचे. मी कधी गेलो की खाली उभा राहून शिडी धरायचो, आणि एका हातानं खांदा दाबत दुसऱ्या हातानं 'बी-बियाणे' लिहिणारा तो माणूस बघून मनात यायचं, माझं पोट त्या दिवशी जरा धड असतं तर...

परवा त्यांची खोली मोकळी करायला आम्ही नवराबायको गेलो. मोकळी करण्यासारखं फारसं नव्हतंच. खिडकीत एक बिनकानाचा कॉफीचा कप होता, मोंबासाचाच, शेठजींनी मागाहून धाडलेल्या ट्रंकेतून आलेला. त्यात ब्रश उभा. पाणी आटून आत निळं वर्तुळ उरलेलं. बायको तो पदरानं पुसत जमिनीवर बसली. इतकी वर्षं जे बोललो नव्हतो, ते मी तेव्हा बोललो. म्हटलं, "माझ्यामुळं माघारी आले ते. तिथं राहिले असते तर चार दिवस सुखाचे गेले असते."

तिनं मान वर केली नाही. कप पुसत म्हणाली, "तुमच्यासाठी आला असं वाटतंय व्हय तुमास्नी? आल्या दिवशी चुलीम्होरं बसला हुता माझ्या. म्हणाला, सुमे, हो म्हणून बसलो, पर त्या गावात एकट्यानं ऱ्हायाचा धीरच हुईना बघ. दाजींचं पोट बिघडलं ते लई बरं झालं. पुढं तुमी ती गोष्ट सांगाय लागला, तवा मी म्हटलं, खरं सांगू का त्यास्नी? तर न्हाय म्हणाला. म्हणाला, दाजी रंगवून सांगत्यात, लोकं हसत्यात, गोष्ट त्यांची हाय, असू दे त्यांच्याजवळ."