निळाबाईचा दवाखाना

काशिरामच्या घरात आलेला एकही मासा सात पिढ्यांत म्हातारा होऊन मेला नव्हता. आजा खाडीत जाळं टाकायचा, बाप होडी घेऊन उरणच्या पुढे जायचा. काशिराम स्वतः बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झाला, पण त्याची बायको गंगाबाई आजही पनवेलच्या मासळी बाजारात बसते. तिचा कोयता चालू लागला की पापलेटच्या तुकड्या अशा झरझर पडतात, जणू पापलेट जन्माला आलं तेच तुकड्यांत.

अशा घराच्या हॉलमध्ये काचेच्या टाकीत एक निळा मासा फिरतोय आणि त्याला कुणी खायचं नाही, ही गोष्ट पचवायला कोळीवाड्याला बरेच दिवस लागले. शेजारचा दीनानाथ रोज संध्याकाळी चहाला यायचा आणि टाकीसमोर खुर्ची ओढून बसायचा.

"काशिराम, ही अजून किती वाढंल रं?"

"वाढंल की वीतभर. का?"

"काय नाय. आपला असाच विचारला." आणि मग काचेजवळ वाकून, "काटं लय असतील ना हिला?"

मासा खऱ्या समुद्रातला, खाऱ्या पाण्यातला. अंग गर्द निळं, त्यावर काळी नक्षी आणि शेपटी हळदीसारखी पिवळी. पैठणी विणणाऱ्याने बघितली असती तर हातमागावरून उठून आला असता. काशिरामने तिचं नाव ठेवलं निळाबाई. निवृत्तीनंतर एकदा करंजाड्याला गेला असताना एका दुकानाच्या काचेतून तिने त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यभर माशांनी काशिरामकडे पाहिलंच होतं, पण ते टोपलीतून, बर्फावरून, एका ठरावीक नजरेने. ही मात्र बघता बघता डोळा फिरवून पुन्हा बघत होती. काशिराम तिथेच विरघळला.

अडचण एकच होती. हॉलमधला तो कोपरा गंगाबाईने डीप फ्रीझरसाठी राखून ठेवला होता. बाजारात उरलेली सुरमई रात्रभर कुठे ठेवायची, हा तिचा जुना प्रश्न. टाकी आली त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी तह झाला.

"आपल्या घरान्यानं आजवर नुसतं मासं मारलं, गंगे. मी एक जगवून दाखवतो," काशिराम म्हणाला.

"दाखवा. ही जगंल तवर कोपरा तुमचा. मेली की दुसऱ्या दिवशी माझा फ्रीझर."

"कबूल."

"आन मेल्यावर रडायचा नाय. मला धंद्याला जायचा असतो."

इतकी सरळ अट घातल्यावर माणसाने जपून राहायला हवं होतं. पण काशिरामचा स्वभाव आडवा आला. त्याच्या घरात पाहुण्याला दारात थांबवायची पद्धत नाही. आला की थेट आत, आधी पाणी, मग चहा, मग कोण कुठला ही चौकशी. एकट्या निळाबाईला करमत नसेल म्हणून त्याने मुंबईहून एक पिवळा मासा आणला आणि पिशवीतून काढून तसाच टाकीत सोडला. करंजाड्याच्या दुकानाची मालकीण रुचिरा मत्स्यशास्त्र शिकलेली. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काका, नवीन मासा आणला तर आधी काही आठवडे वेगळा ठेवायचा. डायरेक्ट टाकीत नाही हं." काशिरामने मान डोलावली होती. पण पाहुण्याला काही आठवडे बाहेर ठेवायचं म्हणजे काय? लोक काय म्हणतील? मासे काय म्हणतील?

पिवळ्याचा पाहुणचार यथासांग झाला. मग एके दुपारी गंगाबाई बाजारातून आली, टोपली खाली ठेवली आणि टाकीकडे बघून म्हणाली, "अवो, हिला मीठ कोनी लावला?"

निळाबाईच्या निळ्या अंगावर खरोखरच मिठाचे कण लावल्यासारखे पांढरे ठिपके होते. तळायच्या आधी लावतात ना, अगदी तसे. ती टाकीतल्या दगडाला अंग घासत होती.

"आन कल्लं बघा कशी मारते," गंगाबाई म्हणाली. "असा मासा मी गिऱ्हाइकाला देनार नाय."

काशिरामने रुचिराला फोन लावला. ती म्हणाली, टाकीचे फोटो पाठवा आणि उद्या सकाळी दुकानात या. पण सकाळी उठून बघतो तर अंगावर एक ठिपका नाही! निळाबाई लख्ख. काशिराम दुकानात जायच्याऐवजी मिठाईवाल्याकडे गेला. पेढे आले. दीनानाथने दोन खाल्ले, तिसरा निळाबाईच्या वतीने खाल्ला.

चार-पाच दिवसांनी ठिपके परत आले, आणि येताना सगळं गोत घेऊन आले. निळाबाई पिठात घोळवल्यासारखी दिसू लागली. पिवळा पाहुणा तळाशी आडवा झाला तो उठलाच नाही. गंगाबाईने त्याला बाहेर काढला. तिच्या हातून आजवर किती मासे गेले असतील याचा हिशेब समुद्राकडेही नसेल. पण हा तिने तळहातावर घेऊन जरा वेळ बघितला, आणि मागल्या दारी नारळाच्या मुळाशी पुरला. कोयत्याकडे तिचा हात गेला नाही. आत येऊन ती फ्रीझरबद्दल एक अक्षर बोलली नाही, तेव्हा काशिरामला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

त्याने करंजाड्याला रिक्षा धरली.

"काका, ती बरी झालीच नव्हती," रुचिरा म्हणाली. "हा परजीवी आहे. माशाच्या अंगावर पोट भरलं की खाली उतरतो, तळाशी वाळूत कवच करून बसतो, आणि एकाचे शेकडो होऊन परत वर येतात."

"म्हंजे मी पेढं वाटलं तवा..."

"तेव्हा ते बाळंतपणाला गेले होते."

काशिरामने कपाळाला हात लावला. परक्याच्या बारशाचे पेढे त्याने स्वतःच्या पैशाने वाटले होते.

औषध होतं तांब्याचं. पिल्लं कवचातून फुटून पाण्यात मासा शोधत फिरतात, तेव्हाच ते त्यांना मारतं. अंगावर बसलेल्यांना आणि कवचातल्यांना काही करत नाही. म्हणून औषध पाण्यात बरेच दिवस टिकलं पाहिजे. कमी पडलं तर किडे जगतात, जास्त झालं तर मासा मरतो. आणि ते मोठ्या टाकीत घालायचं नाही, कारण तिथे शोभेला ठेवलेली छोटी कोलंबी, खेकडा, प्रवाळ यांना तांबं म्हणजे विष. निळाबाईला वेगळ्या भांड्यात हलवायचं आणि मोठी टाकी माशाविना तशीच चालू ठेवायची. खायला मासा मिळाला नाही की तिथले किडे उपाशी मरतील.

"वेगलं भांडं..." काशिराम घरभर बघत फिरला. पातेली लहान, बादल्या अरुंद. शेवटी नजर पडवीत गेली. तिथे गंगाबाईची थर्माकोलची पेटी होती, बर्फात सुरमई घालून बाजारात न्यायची. पांढरीशुभ्र, घट्ट, झाकणाची.

"त्याच्यात?" गंगाबाई म्हणाली. "अवो, त्या पेटीत आजवर जिता मासा गेला नाय!"

"आता जाईल."

पेटी किती वेळा धुतली ते विचारू नका. शेवटी काशिराम नाक आत घालून म्हणाला, "वास नाय," आणि कोळीवाड्यातल्या माणसाच्या नाकाला वास नाही म्हणजे काय, हा प्रश्न बाजूला ठेवून पेटीत पाणी भरलं. पाकिटातलं मीठ, पाणी ढवळायला हवेचा पंप, ऊब द्यायला हीटर. खाडी हाकेच्या अंतरावर आणि पाण्याला मीठ पाकिटातून, हे त्याला फार लागलं होतं. पण रुचिराने खाडीचं पाणी आणाल तर माझ्याशी बोलू नका, असं सांगितलं होतं. निळाबाई पेटीत उतरली. औषध थेंबाथेंबाने, दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवत नेलं. नळीत पाणी घ्यायचं, त्यात तपासणीचे थेंब टाकायचे आणि आलेला रंग कार्डावरच्या रंगाशी जुळवायचा. क्रेनवरून कंटेनर बोटभर इकडेतिकडे न होऊ देणारा काशिराम आता थेंबाला तसाच जपू लागला.

आणि तरी औषध कमी पडत होतं. सकाळी रंग बरोबर, संध्याकाळी फिका. पुन्हा घालावं, पुन्हा फिका. कुणीतरी आतून औषध पीत होतं. निळाबाईचे कल्ले भात्यासारखे चालत होते. अंगावर ठिपके तसेच.

"रुचिरा, ही काय तांबं खाते काय गं?" काशिराम फोनवर रडकुंडीला आला.

"काका, पेटीत मासा सोडून काय काय आहे? सगळं सांगा."

"काय नाय. पानी हाय, पंप हाय, हीटर हाय..." काशिराम वाकला. "आन शंख."

"कसले शंख?"

आता हे सांगायलाच हवं. निळाबाई आजारी पडल्याचं वाड्यात पसरलं होतं, आणि आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जायची तिथे पद्धत नाही. मोसंबी आणून उपयोग नव्हता. दीनानाथने डोकं चालवलं. पेशंट समुद्राची, इथे पांढऱ्या पेटीत एकटी, घरची आठवण येत असेल. म्हणून त्याने उरणच्या किनाऱ्यावरून मूठभर शंख-शिंपले आणून तळाशी ठेवले होते. काशिरामच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते बघून. मग इतरांनाही पाहुण्यांची पद्धत कळली, आणि जो येई तो शिंपला टाकून जाई.

"काका! शिंपले, प्रवाळ, चुनखडी, सगळं तांबं शोषून घेतं. काढा आधी! पेशंटच्या सलाइनला लोकांनी नळ लावलेत!"

शंख काढले तेव्हा दीनानाथ दारात उभा होता. त्याचा चेहरा शिंपल्याएवढा झाला. "मी चांगल्यासाठी ठेवलं रं..."

"मला म्हाईत नाय काय?" काशिराम म्हणाला. "मी पन त्या पिवल्याला चांगल्यासाठीच आत घेतला होता. आपन दोघं एकाच वर्गातलं."

त्या दिवसापासून पेटीच्या झाकणावर गंगाबाईची पाटी लागली: 'बघा, बोला, आत काय टाकू नका.' रंग टिकू लागला. ठिपके एकेक करून गेले, आणि या वेळी काशिरामने पेढ्यांचं नावही काढलं नाही. ठिपके गेले, आठवडा गेला, परत आले नाहीत.

पण निळाबाई काही खाईना. दुकानातला कोरडा खाऊ वर तरंगायचा, ओला व्हायचा, खाली बसायचा. ती त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. पाठ आत गेली होती, निळा रंग धुतलेल्या शाईसारखा झाला होता. रुचिरा म्हणाली, "काका, औषधाने किडे गेले. आता तिने खाल्लं तर जिंकलो. नाही तर..."

काशिराम पेटीजवळ पाटावर बसला. गंगाबाई बाजारातून आली, टोपली ठेवली, त्याच्याकडे बघितलं, पेटीत बघितलं.

"सरका तिकडं."

"काय करतेस?"

"आजाऱ्याला कोनी भुसा देतं काय? ही सुकी पावडर मी मांजरीला घालनार नाय."

तिने टोपलीतून सकाळची कोलंबी काढली. सोलली, काळा धागा ओढून टाकला, आणि ज्या कोयत्याने सुरमईची पाठ फोडते त्याच कोयत्याने ती इतकी बारीक केली की तुकडे मोहरीएवढे झाले. मग खलबत्त्यात लसणाच्या दोन पाकळ्या ठेचल्या.

"गंगे, फोडनी देऊ नकोस!" काशिराम घाबरून ओरडला.

"गप बसा. तोंडाला चव नसली की लसून लागतो. आमच्या आईनं माझ्या प्रत्येक तापात दिला."

काशिरामने चोरून रुचिराला फोन केला. तिकडून आवाज आला, "लसूण चालतो, काका. माशांना वासाने भूक लागते म्हणून आम्हीही देतो. फक्त मीठ-मसाला नको."

गंगाबाईने लसणाच्या रसात भिजवलेला एक कण बोटावर घेतला आणि बोट पाण्यात धरलं. वर्षानुवर्षं मासे ज्या हाताला घाबरले असतील, तोच हात. निळाबाई कोपऱ्यात होती. ती वळली. एक डोळा फिरवून बघितलं. पुढे आली, थांबली, मागे गेली. दीनानाथने चहाचा घोट तोंडातच धरून ठेवला होता.

मग ती झपकन आली आणि कण उचलून गेली.

"घेतला!" काशिराम उडाला. "गंगे, घेतला तिनं!"

दीनानाथचा चहा भिंतीवर गेला. गंगाबाई हलली नाही. तिने दुसरा कण धरला, निळाबाईने तोही नेला, तिसरा नेला, आणि चौथ्याला तर गंगाबाईच्या बोटालाच चावली.

"आई गं! चावली की!" गंगाबाई म्हणाली, आणि काशिरामने लग्नात बघितलं होतं तसं हसली. "भूक लागली माझ्या बायला."

औषधाचे दिवस संपले, मोठ्या टाकीची मुदतही सरली, आणि एका रविवारी निळाबाई आपल्या घरी परत गेली. सगळा वाडा हॉलमध्ये जमला होता. रुचिराही करंजाड्याहून आली होती. टाकीत सोडल्याबरोबर तिने काचेला लागून एक फेरी मारली, अंग भरलेलं, निळा रंग पुन्हा गर्द, आणि गंगाबाईसमोर येऊन तोंड उघडझाक करू लागली. काशिरामकडे तिने बघितलंही नाही.

"बघा," दीनानाथ म्हणाला, "घर दिला काशिरामनं, आन ओलखते अन्न देनारीला." मग टाकीकडे बघत, "काशिराम, आता काटं मोजनार नाय मी हिचं."

पेढे वाटले, पण ते गंगाबाईने.

डीप फ्रीझर आला, तो पडवीत बसला. हॉलचा कोपरा आता त्याला मिळणार नाही, हे गंगाबाईनेच दुकानदाराला सांगितलं. बाजारात एखाद्या बाईने कोलंबी उचलून नाकाशी नेली आणि "ताजी आहे ना मावशी?" विचारलं, की गंगाबाई कोयता खाली ठेवते. "ताई, आमच्या निळाबाईला मी हीच कापते. ती कालची कोलंबी थुंकते. तुमाला कशी देईन?" निळाबाई कोण हे न विचारता गिऱ्हाईक कोलंबी घेऊन जातं.

परवा काशिराम पुन्हा एक पिवळा मासा घेऊन आला. पिशवी हातात धरून, चपला काढून, सवयीप्रमाणे थेट टाकीकडे निघाला. गंगाबाई दारात आडवी उभी राहिली.

"कुटं?"

"पावना हाय गं..."

"पावना हाय तर पावन्यासारखा राहील." तिने पडवीतल्या थर्माकोलच्या पेटीकडे बोट दाखवलं. पेटीत पाणी भरून, हीटर लावून, पंप चालू करून ठेवलेला होता. "आदी हितं बसंल. काय हाय, काय नाय, ते कलू दे. मग आत."

काशिराम निमूट पडवीत गेला. तिथे दीनानाथ आधीच वाकून पेटीत बघत होता, आणि दोन्ही हात त्याने पाठीमागे घट्ट बांधून ठेवले होते.