राखेचा रांजण

लिहिण्याचे धाडस करतो आहे, त्याबद्दल वाचणाऱ्यांनी क्षमा करावी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी बोरू हातात धरला नव्हता. माझे वडील अजून कागदावर सहीच्या जागी नांगराची खूण काढतात. मी मुंबईस कॉलेजात शिकतो खरा, पण वर्गात प्रश्न आला की उत्तर ठाऊक असूनही माझी जीभ उचलत नाही. त्यातून माझा विषय कचऱ्याचा आहे. माझे सोबती लढायांवर आणि राजांवर निबंध लिहितात. मीही काही दिवस तसले विषय शोधत होतो. पण जे स्वतः पाहिले आणि थोडेफार कळले, ते एवढेच आहे.

त्या वर्षांत अमेरिकेत लढाई चालू होती. तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कोणी स्वप्नात पाहिला नसेल असा भाव आला. अमरावतीच्या बाजारात गाडीला गाडी लागलेली असे. आसपासच्या खेड्यांतली माणसे शहरात येऊन राहिली. कोणी तोलणारे झाले, कोणी गठ्ठे बांधणारे, कोणी दलाल. खेड्यात प्रत्येक घरामागे स्वतःचा उकिरडा असतो. शेण, राख, केर सगळे त्यात जाते आणि उन्हाळ्यात तेच शेतात पडते. माणसे अमरावतीस आली, पण उकिरडे मागे राहिले. मग केर टाकायचा कुठे? दारापुढच्या रस्त्यावर. त्यावर गाड्यांतून उडालेले कापसाचे पुंजके येऊन बसत, आणि उन्हाळ्यात नाल्या पाण्याऐवजी कापसाने भरून वाहताहेत असे वाटे.

माझी थोरली बहीण अशाच एका गल्लीत राहत असे. घरात ती, भाऊजी, भाऊजींचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे ताईची जाऊ. सासू नव्हती. सासरे अचलपूरकडे शेतावर असत. मुलांना शहरात व्यापारासाठी पाठवताना त्यांनी एकच अट घातली होती: चूल एक राहिली पाहिजे. ज्या दिवशी दोन चुली झाल्याचे कानावर येईल, त्या दिवशी दोघांनी गाशा गुंडाळून गावी परत यायचे. कापूस त्यांच्या शेतातला, बैल त्यांचे. तेव्हा ही धमकी पोकळ नव्हती. शहरात ताईला पहिल्यांदाच स्वतःचे म्हणावे असे घर मिळाले होते. ते घर त्या अटीवर उभे होते.

मी मोठ्या सुटीत तिच्याकडे राहिलो होतो. तेव्हा तहसील कचेरीतून हुकूम निघाला. प्रत्येक घराने रोज सकाळी केर टोपलीत भरून दारापुढे ठेवायचा. राख पुरती निवल्यावर वेगळ्या मडक्यात ठेवायची. कचेरीची गाडी येईल आणि दोन्ही गावाबाहेरच्या खड्ड्यात नेईल. कारण उघड होते. नालीतल्या कापसात एक निखारा पडला तर सबंध गल्ली जायची. पण दवंडी ऐकली तशी लोकांनी दारे लावून घेतली. तेव्हा कचेरीतला एक कारकून मला येऊन म्हणाला, "तुम्ही शिकलेले, शिवाय गल्लीतलेच. तुमचं ऐकतील." हा मला कशात तरी अडकवतो आहे, असे मला तेव्हाच वाटले. पण नाही म्हणायलाही धीर लागतो.

पहिल्याच घरी एक म्हातारे तोलणारे ओट्यावर बसले होते. घाबरलो की माझ्या तोंडून वऱ्हाडी निघत नाही, पुस्तकातली मराठी निघते, आणि तिने संशय अधिकच वाढतो.

"काय गा, सरकारले आमची राख काहून पायजे?" म्हाताऱ्याने विचारले.

"सरकारला नको आहे, आजोबा. ती रस्त्यावर पडू नये म्हणून..."

"नको हाय, तं गाडी कायले पाठोते? नको असलेली चीज न्याले कोनी बैल जुपते का?"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अवो, घराघरात किती चुली पेटतात ते पाहाचं हाय त्याईले. राख पाहातीन अन् चुलीमागं पट्टी बसोतीन. पोट्टा मुंबईले जाऊन सायबाचा झाला!"

गल्लीच्या टोकाला एक माळीण मांडव घालून भाजी विकत असे. तिची शंका वेगळी होती. "केरात आमचे केस असतात, नखं असतात. ते कोन्या मेल्याच्या हाती लागले अन् त्यानं करनी केली, तं तू येशीन का उतराले?"

परत येताना माझ्याच मनात आले, खरेच चुलीवर कराची पट्टी बसवायची असेल तर? मी कारकुनाला विचारले. तो हसला. "पट्टी काय आम्हाला विचारून बसवतात?" त्या हसण्यातून होय की नाही, काहीच ठरवता आले नाही. त्यानंतर दारोदार हुकूम समजावताना माझा मलाच विश्वास वाटेना.

निदान आपल्या घरापासून सुरुवात करावी म्हणून मी ताईला म्हणालो, "आपलं मडकं दारात पहिलं पाहिजे. नाहीतर मी लोकाईले कोणत्या तोंडानं सांगू?"

"टोपली ठेवतो मी," ताई म्हणाली. "मडकं नाई."

"काहून?"

"राख म्हनजे घरची लक्ष्मी असते. कोनाले देऊ नाई."

"अन् कालच तं राखेनं भांडी घासून पानी नालीत फेकलं तू."

"शिकून लय वकील झाला रे!" असे म्हणून ती उठून आत गेली.

जिने मला लहानपणी मांडीवर खेळवले ती माझ्यापासून काहीतरी लपवते आहे, हे मला कळले. काय ते कळेना. मग मी नको त्या गोष्टी पाहू लागलो. भाऊजींचे धाकटे भाऊ आमच्या पंगतीला कधीच नसत. बाजारातून उशिरा येतात, असे ताई सांगे. पण मी तर त्यांना दिवेलागणीपूर्वीच मागच्या दाराने येताना पाहिले होते. जाऊबाई स्वयंपाकघरात दिसत नसत. भाऊजींना विचारले, तर ते कापसाच्या भावाचे बोलू लागत.

एका दुपारी गरम वारा सुटला असता गल्लीत ओरडा झाला. आमच्या घरामागे नालीतल्या कापसाने पेट घेतला होता. जाळ भिंतीच्या कडेने उंदीर पळावा तसा पळत गेला आणि माळणीच्या मांडवाला लागला. वाळलेल्या पाल्याचा मांडव तो, पाहता पाहता गेला. रस्त्यात एक भरलेली गाडी उभी होती. माणसांनी बैल सोडले आणि ती हातांनी ओढून दूर नेली. माती टाकून आग विझली, पण खरी आग त्यानंतर लागली. तोलणारे म्हणाले, गाडीवानांच्या चिलमीतली ठिणगी. गाडीवान म्हणाले, गल्लीतल्या बायकांची राख. माळणीला वाटले, पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या भाजीवालीने मुद्दाम केले. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवले, "हाच राख राख करत फिरत होता. आपलं खरं कराले यानंच टाकली असन!"

सगळे गेल्यावर मी आग लागली तिथे जाऊन पाहिले. आमच्या मागच्या दारापुढेच राखेचा लहानसा ढीग होता आणि त्यात पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, अर्धवट जळालेले बुडखे होते. ताई तर गोवऱ्यांवर स्वयंपाक करी; तिची राख पांढरी, मऊ असे. ही आमची राख नव्हती, आणि आमच्याच दारात होती. मी मागच्या दाराला लागून असलेल्या गोठ्यात गेलो. कडब्याच्या पेंढ्यांच्या आड एक छोटी सारवलेली चूल होती, वर भाताचे भांडे होते, आणि शेजारी जाऊबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर पुढे ओढला आणि एवढेच म्हटले, "भाऊ, तुमच्या ताईलेच विचारा."

ताईने मग लपवले नाही. "तिची माय आली होती दिवाळीच्या वक्ती. मी शिळी भाकर वाढली म्हनते. शिळी कुठची रे? सकाळचीच होती! तवापासून तिनं गोठ्यात चूल मांडली. गोवऱ्या मागाले माह्याकडं येत नाई, पऱ्हाटी जाळते. अन् कोनाच्या नजरेत येऊ नाई म्हनून राख गरमच फेकते."

"दोघींची राख एकाच मडक्यात ओता."

"माह्या मडक्यात ती हात घालीन का? अन् दोन मडके दारात ठेवले, तं मामाजी येतीन, पाहातीन, अन् आमाले गावाले नेतीन. मंग हे घर गेलंच समज."

त्या दिवशी मला आमच्या गल्लीचा संशय पहिल्यांदा समजला. कोणाच्या घरचा केर मागणे म्हणजे त्याच्या आतल्या खोलीत डोकावणे. काय खाल्ले, काय जाळले, कोण कोणाशी बोलत नाही, सगळे त्यात उघडे पडते. तो दारापुढे मांडून ठेवा म्हणणारा मी कोण? पण रस्त्यावरही तो टाकता येत नव्हता. ते तर जळून दिसलेच होते.

मी कचेरीत जाऊन भीत भीत सांगितले की टोपल्या आणि मडकी दारात नकोत. गल्लीच्या तोंडाशी एक मोठा झाकणाचा रांजण पुरावा, शेजारी केरासाठी खड्डा करावा. ज्याने त्याने आपल्या हाताने नेऊन टाकावे. सगळ्यांचे एकत्र झाले की कोणाचे कोणते ते कोणालाच कळणार नाही.

कारकुनाने डोळे बारीक केले. "तुमचे कोणी सोयरे कुंभारवाड्यात आहेत काय?"

रांजण आला. पहिल्या दिवशी तो रिकामाच राहिला. लोक लांबूनच त्याच्याकडे पाहत होते. दुसऱ्या दिवशी माळीण डोक्यावर केराची टोपली घेऊन निघाली आणि प्रत्येक दारापुढे थांबून ओरडली, "माहा मांडव जळला! आता घरं जळाची वाट पाहून रायले का तुमी? चला, उठा व बायांनो!" तिच्या केसांचे आणि नखांचे काय झाले, ते मी विचारले नाही. माझ्या शुद्ध मराठीने जे झाले नव्हते, ते तिच्या शिव्यांनी झाले. एकेक बाई निघाली. राख रांजणात पडली की ब्रह्मदेवालाही ती निवडता आली नसती, हे पाहून त्यांचे चेहरे मोकळे झाले. नालीही हळूहळू नालीसारखी दिसू लागली.

ताई सकाळी जाई. ती परत आली की जाऊबाई जात. राख लपली, पण ती नेणाऱ्या दोघी लपत नव्हत्या; हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ओट्यावरची तोलणाऱ्यांची बायको रोज पाहत होती.

"काय व, तुमच्या घरून राख दोनदा निगते? पोरं नाई, बाळं नाई, अन् चूल मोठी खादाड दिसते!"

"पाव्हना हाय ना घरी," ताई पटकन म्हणाली. "माहा भाऊ लय जेवते."

तेव्हापासून गल्लीत मी खादाड ठरलो. पोरे मला पाहून पोट फुगवून दाखवीत. पण ती म्हातारी हसली नाही, एवढे मी पाहिले.

माझ्या निघण्याच्या दिवशीच ताईचे सासरे कापसाच्या शेवटच्या गाड्या घेऊन आले. मी सामान बांधत होतो. बाहेर पाहिले तर ते तोलणाऱ्यांच्या ओट्यावर पाणी पीत होते, म्हातारे त्यांच्या कानाशी वाकले होते, आणि सासऱ्यांची नजर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रांजणाकडे लागली होती. ताईने मला नमस्कारही नीट करू दिला नाही. "जा, जा, गाडीवान थांबला," म्हणाली. तिचे हात कणकेने भरलेले होते.

मुंबईस आल्यावर कित्येक महिने मला काही कळले नाही. आमच्या घरात लिहिणारा मी एकटाच. मी पत्र पाठवी, ते कोणाकडून वाचून घेतले की नाही, तेही ठाऊक नव्हते. मी वाईट तेच मनात आणी. ताई शेतावर परत गेली असेल. मला कळवायचे नाही, असे सगळ्यांनी ठरवले असेल. आमच्या बाजूचा कोणी भेटला आणि "सगळं ठीक" म्हणाला, तर मला तेही खोटे वाटे.

पावसाळा सरता सरता गल्लीतला एक गाडीवान कापसाच्या गठ्ठ्यांबरोबर मुंबईस आला आणि माझी खोली शोधत आला. मी त्याला पाणीही दिले नाही, आधी विचारले, "ताईच्या सासऱ्यांनी काय केलं?"

"काई नाई. सकाळी मोठीच्या चुलीवर जेवले. संध्याकाळी गोठ्यात जाऊन बसले अन् धाकटीले म्हने, आता तुहं वाढ."

"चिडले नाहीत?"

"चिडले ना! चुलीवर नाई, लपोल्यावर चिडले. दोघा पोराईले म्हने, चोरून राख फेकता, उद्या गाव जाळसान. एका घरात दोन चुली मले चालत नाई. दोन पायजेत, तं दोन गावात मांडा."

"म्हणजे ताई गावी गेली?"

"गावी कायले? धाकटे अमरावतीलेच हायत. तुये भाऊजी अकोल्याच्या बाजारात गेले, ताई बी गेली. धाकटी गाडीमागं रडत अकोल्याच्या वाटेवर पार बडनेऱ्यावरी आली."

हे खरे, की मला बरे वाटावे म्हणून सांगितलेले, ते मी त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिलो. तो पाण्यासाठी इकडेतिकडे पाहत होता.

"निरोप दिला हाय ताईनं," तो म्हणाला. "दिवाळीत अमरावतीले उतरू नको, अकोल्याले ये. धाकटीले बी तिनं बलावलं हाय."