तारखेच्या दिवशीची आंघोळ

रोज सकाळी उठल्यावर मावशी आधी नळ उघडायची. पाणी येणार नाही हे ठाऊक असूनही क्षणभर हात खाली धरायची, मग नळ बंद करून शिलाई मशीनवर बसायची. बिल थकलं म्हणून पाणीखात्याने गल्लीतल्या काही घरांची जोडणी तोडली होती. त्यात तिचंही घर होतं.

लेक दूरच्या शहरात. तिला मुलगी झाली होती आणि मावशीने नातीला अजून फक्त फोनवर पाहिलं होतं.

"नळ सुरू झाला की लगेच येते, आई. तान्ह्या पोरीला घेऊन उसन्या पाण्यावर कशी राहू?"

लेकीचं काही चुकत नव्हतं. म्हणून मावशी कोर्टात गेली. ऐपत नाही म्हणून कुणाचं पिण्याचं पाणी तोडता येणार नाही, असं तिच्या वकीलबाईंचं म्हणणं होतं.

तारखेच्या दिवशी शेजारणींनी आपापल्या बादल्या तिच्या दारात आणून ठेवल्या. "कोर्टात काय पारोशी जाणार?" मावशी डोक्यावरून न्हाली, कडक इस्त्रीचे कपडे घालून कोर्टात उभी राहिली.

खात्याचा वकील म्हणाला, "साहेब, यांच्याकडे बघून वाटतं का, घरात पाणी नाही?"

साहेबांनी विचारलं, "पाणी कुठून आणता?"

"शेजारी काही कमी पडू देत नाहीत," मावशी अभिमानाने म्हणाली. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, एक दिवस तरी पारोसं यायचं होतं हो."

"कोर्टात?" मावशीला खरंच कळेना.

पुढच्या तारखेला शेजारीणच साक्षीला उभी राहिली. "ते पाणी आमचं होतं, साहेब. त्या दिवशी आमच्या घरात कुणी आंघोळ केली नाही. नवरा अजून बोलून दाखवतो."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी ते लिहून घेतलं. निकाल लागेपर्यंत जोडणी पूर्ववत करा, असा हुकूम निघाला. तोवर नात रांगायला लागली होती.

नळ सुरू झाला त्या संध्याकाळी मावशीने लेकीला फोन केला. लेक रविवारी निघणार होती. मावशी त्याआधीच, शुक्रवारी पहाटे, झोपेतच गेली.

फोन ठेवताना ती एवढंच म्हणाली होती, "पोरीचे मळके कपडे तसेच घेऊन ये गं. इथे धुते मी."