मागच्या दारावरची स्टेपनी

आमचे दाजी कुठल्याही गाडीत चढण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारत आणि प्रत्येक टायर तळहाताने दाबून बघत. गाडी स्वतःची असो, पाहुण्यांची असो, नाहीतर एस.टी. असो. पलूसच्या स्टँडवर एकदा कंडक्टर वैतागला. "आजोबा, विकत घ्यायचीय का?"

"घ्यायची न्हाई बाबा, बसायचंय," दाजी मागच्या टायरकडे वळत म्हणाले. "म्हनून तर बगतुय."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उभी नोकरी फौजेत ट्रक चालवण्यात गेली. निवृत्त होऊन पलूसला ऊस लावला, पण जीव चाकांतच राहिला. मी साताऱ्याला बँकेत. यंत्रांशी माझा संबंध इतकाच, की मी हात लावला की ती बंद पडतात. दाजी मला 'पावणं' म्हणायचे. त्यात मान किती आणि कीव किती, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. आता विचारायला दाजीही राहिले नाहीत.

अक्काचा कॅन्सर मणक्यात उतरला आणि तिचं बसणं संपलं. उपचाराला सारखं सांगलीला न्यावं लागे. पहिल्या खेपेला ॲम्ब्युलन्स बोलावली. परत आल्यावर अक्का भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पुन्हा त्या गाडीत घालू नका मला. वरडत निघाली की लोकं रस्त्यात हात जोडत्यात. मी हाय की अजून."

 दुसऱ्या दिवशी दाजींनी दारातल्या जुन्या जीपची मागची बाकं काढून अंगणात ठेवली. आत गादी अंथरली, पण अक्काला पाय लांब करता येईनात. स्टेपनी आतच उभी होती, सीटच्या मागे. पाय दुमडले की कळ थेट पाठीत जायची.

मी सुचवलं, "दाजी, स्टेपनी घरीच ठेवू की."

"आन् वाटंत टायर बसला तर? हिला उनात ठिवून मी पंक्चरवाला हुडकत फिरू?"

"मग टपावर बांधू."

"काडताना गाडी हलनार. हिला हललेलं सोसतंय का?"

त्यानंतर मी सुचवणं बंद केलं.

सांगलीहून त्यांनी मागच्या दारावर स्टेपनी टांगायचा तयार ब्रॅकेट आणला. आमच्या गाडीचा पत्रा पातळ. नुसते बोल्ट मारले तर चाकाच्या वजनाने फाटला असता, म्हणून दाजींनी दाराच्या आतून जाड लोखंडी पट्टी दिली आणि बिजागऱ्याही भक्कम घातल्या. चाक उचलून ब्रॅकेटवर धरायचं, एवढंच काम माझ्याकडे होतं. मी ते पोटाशी कवटाळलं आणि चाकासकट अंगणात बसलो. खिडकीतून अक्का खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी.

"आवं, सोडा त्याला! लहानपनी त्याला घागर बी उचलत नव्हती."

दाजी पाना हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "पावणं, अजून एकदा पडता का?"

मी पडलो. या खेपेला अजिबात प्रयत्न न करता.

काम झाल्यावर दाजी स्वतः त्या गादीवर आडवे झाले. "मला आजारी समजा आन् चालवा." मी कारखान्याच्या रस्त्याला एक चक्कर मारली. उतरताना ते डोकं चोळत होते. "समजायची गरज न्हाई पडली. तुमी चालवलीसा की मानूस आपोआप आजारी पडतंय." आतल्या पट्टीतून आलेली बोल्टची टोकं टाळूला लागली होती. दाजींनी ती कापली, घासली आणि वर अक्काच्या जुन्या लुगड्याची गोधडी चौघडी करून बांधली.

अक्काला उचलून आणलं, तेव्हा तिने उशी बघितली. ती मागच्या दाराकडे होती.

"पाय म्होरं करून नेताय व्हय मला?"

आमच्याकडे तसं कुणाला नेतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एकेका बोल्टचा विचार करणाऱ्या दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. "चुकलं गं," ते कसंबसं म्हणाले.

"चुकलं न्हाई. घाई झालीया तुमास्नी," अक्का म्हणाली, आणि स्वतःच हसली.

दाजींनी गादी फिरवली. अक्काचं डोकं आता ड्रायव्हरच्या सीटमागे आलं आणि दोघांना वाटभर बोलता येऊ लागलं. तिला नुसतं आभाळ आणि विजेच्या तारा दिसायच्या. ती विचारायची, "कुटवर आलो?" दाजी तिला रस्ता सांगायचे. "वसगडं आलं. कुनाचा तरी ऊस तुटलाय. लय चांगला हुता."

स्टेपनीने मागची काच झाकली होती. आरशात काळ्या टायरशिवाय काही दिसत नव्हतं. दाजींनी आरसा खाली वळवला आणि अक्काच्या चेहऱ्यावर धरला. मी घाबरून म्हणालो, "मागून येणारी गाडी कशी दिसणार?"

"मागनं येनाऱ्याला हॉर्न हाय, पावणं. हिला न्हाई."

शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं, आता आणू नका, घरीच ठेवा. परतताना मी पुढे दाजींच्या शेजारी होतो. नांद्र्याला अक्काने विचारलं, "कुटवर?" वसगड्यालाही विचारलं. त्यानंतर विचारलं नाही. दाजींची नजर आरशात गेली आणि जरा जास्तच वेळ तिथे राहिली.

"झोप लागली वाटतं," मी म्हणालो.

"व्हय."

गाडी एकदम सावकाश झाली. उसाच्या बैलगाड्या आम्हाला मागे टाकू लागल्या. तिची झोप मोडू नये म्हणून दाजी हळू चालवतायत, असं मी शहाणा समजत होतो. ते सांगतच होते. "भिलवडी आली गं. लगीन हाय कुनाचं तरी, मांडव घातलाय."  मग, "पलूस आलं."

अंगणात त्यांनी इंजिन बंद केलं. मी उतरून मागे गेलो आणि दाराच्या मुठीला हात घातला.

"पावणं, उगडू नका."

ते मागे वळले नव्हते. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तेव्हा कुठे मला कळलं.

"उगडलं की ती समद्यांची हुनार. मानसं येतील, रडतील, घाई करतील. जरा येळ आमची ऱ्हाऊ दे."

मी परत पुढे येऊन बसलो. शेजारणी अंगणाकडे यायला लागल्या होत्या. दाजींनी आपल्या बाजूची काच वर घेतली.