इस्त्रीवाल्या भैयांचं उशिराचं हसू

जगतपुऱ्यात आमच्या रेल्वे क्वार्टर्सच्या फाटकाबाहेर एका इस्त्रीवाल्या भैयांची हातगाडी असते. त्यांच्याशी बोलायचं तर सवड हवी. आपण काही गंमत सांगावी, तर ते कोळशाच्या इस्त्रीकडे बघत राहतात, आणि आपण फाटकाशी पोचलो की मागून खदाखदा हसणं ऐकू येतं. मीही आता फाटकाशी थांबते आणि ते हसणं ऐकूनच घरी जाते.

"बचपन की अफीम है, भाभीजी," ते एकदा म्हणाले. आई मजुरीला जाताना तान्ह्या पोराला अफूचं बोट चाटवून निजवायची. गावात बऱ्याच जणी तसंच करत. "रोने ही नहीं दिया. तब से हर बात देर से पहुँचती है." डॉक्टरही म्हणाले होते, अफूमुळेच असेल. आईबद्दल मात्र त्यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द नाही.

हल्ली हातगाडीखाली ओढणीच्या झोळीत त्यांची नात असते. काल भैया आमच्या ह्यांच्या ड्युटीच्या शर्टाला इस्त्री करत होते, तेवढ्यात ती कुरकुरली. धड रडलीही नव्हती, तोच त्यांनी इस्त्री तिथंच टाकली आणि तिला उचलून छातीशी धरलं. इतकं चपळ मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. धूर निघाला तेव्हा इस्त्री मीच उचलली. शर्टाच्या पाठीवर तांबूस ठसा उमटला होता.

भैया तिला घेऊन फेऱ्या मारत राहिले. ती निजली. मी शर्टाची घडी घालून निघाले, फाटकाशी पोचले, तेव्हा मागून आवाज आला, "अरे! शर्ट जल गया क्या?"