चौदावं कलम

संशोधन संस्थेत तिला सगळे 'कलमबाई' म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. दुसऱ्या मजल्यावर झेरॉक्सच्या खोलीला लागून तिची खोली. यंत्र सुरू झालं की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं. संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी काही नवं शोधलं की त्याचं पेटंट मिळवायचं, आणि तो शोध कारखान्यापर्यंत जावा म्हणून कंपन्यांशी लायसन्सचे करार करायचे, हे तिचं काम. बावीस वर्षं तेच. "शास्त्रज्ञ डोकं चालवतात, कंपन्या यंत्रं चालवतात, आणि मी 'परंतु' चालवते," असं ती म्हणायची.

तिची जिवाभावाची मैत्रीण त्याच इमारतीच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होती. मैत्रिणीने बारा वर्षं खपून काचेच्या कुपीला आतून द्यायचा एक लेप तयार केला होता. त्या कुपीतली लस फ्रिजशिवाय तीन आठवडे टिकायची. पेटंट तपासणाऱ्याने तीनदा शंका काढल्या, आणि तिन्ही वेळा दोघींनी कलमबाईच्या स्वयंपाकघरात बसून उत्तरं लिहिली. पेटंट मिळालं तेव्हा मैत्रीण तिच्या गळ्यात पडून रडली होती.

मग एक मोठी कंपनी आली. तिला सगळे हक्क एकटीला हवे होते. ही कंपनी लशीसाठी थंड पेट्या बनवायची. फ्रिज नको म्हणणारी कुपी ती मनापासून विकेल का, असा प्रश्न कलमबाईला पहिल्याच दिवशी पडला. हक्क तिने दिले, पण करारात चौदावं कलम घातलं. तीन वर्षांत कुप्या बाजारात आल्या नाहीत, तर सगळे हक्क संस्थेकडे परत.

त्या एका कलमापायी कंपनीचा वकील पाच बैठका अडून बसला. "मॅडम, लग्नाच्या बैठकीत कोणी घटस्फोटाचं बोलतं का?"

"मुलीकडची वकील असेल तर बोलते," ती म्हणाली. सगळे हसले, वकीलही हसला, आणि सही झाली.

तीन वर्षं सरली. कुपी काही बाजारात दिसली नाही. मुदत संपली त्याच सकाळी कलमबाईने हक्क परत मागणारी नोटीस धाडली. आठव्या दिवशी उत्तर आलं. दोन ओळींचं पत्र, आणि सोबत एका पुरवणी कराराची प्रत. 'कलम चौदा रद्द समजावे.' खाली संचालकांची सही, आणि 'संशोधक म्हणून माझी संमती आहे' असं लिहून मैत्रिणीची.

तिने तारीख पाहिली. आठ महिन्यांपूर्वी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती सहा आठवडे रजेवर होती. त्याच दिवसांतली ही तारीख. मैत्रीण तेव्हा दिवसाआड डबा घेऊन दवाखान्यात यायची, आईचे पाय चेपायची आणि जाताना विचारायची, "अजून किती दिवस रजा आहे गं तुझी? घाई करू नकोस. इकडचं आम्ही बघतो."

कलमबाई प्रत घेऊन खाली गेली. मैत्रीण सूक्ष्मदर्शकापाशी होती. कागद बघून तिने हातमोजे काढले, पण वर पाहिलं नाही.

"कंपनीवाले मला नवी प्रयोगशाळा बांधून देणार आहेत," ती म्हणाली. "निवृत्तीला चार वर्षं राहिलीत माझ्या. तळघरातल्या या ओलीत अजून काय करू मी?"

"मला विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून मी नसताना केलंस?"

"शोध माझा आहे," मैत्रीण एकदम चढ्या आवाजात म्हणाली. "तू फक्त कागद केलेस!"

 कलमबाईने प्रतीची घडी घातली आणि ती जिना चढली. जिन्यातच तिला हुंदका फुटला, आणि झेरॉक्सवाल्याने यंत्र बंद करून तिला आपलं स्टूल पुढे केलं. "केसाने गळा कापला रे माझा," एवढंच ती त्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मूळ करार पहिल्या पानापासून वाचायला घेतला. करारात कोणताही बदल करायचा तर संस्थेच्या नियामक मंडळाची मंजुरी हवी, असं तिनेच एकतिसाव्या पानावर लिहून ठेवलं होतं. मंजुरी कोणी घेतलीच नव्हती. संचालकांनी तिला बोलावून घेतलं. "बाई, मिटवा. संस्थेची शोभा होईल."

"सर, शोभा माझ्या रजेत झाली," ती म्हणाली, आणि टिपण थेट मंडळाकडे पाठवलं.

प्रकरण पाच महिने चाललं. अखेर कोर्टाच्या भीतीने कंपनीने अर्धं सोडलं. सरकारी दवाखान्यांसाठी कुप्या कोणीही बनवाव्यात, बाकी बाजार कंपनीचाच राहील. एका छोट्या कारखान्याने लायसन्स घेतलं आणि वर्षभरात पहिली खेप बाहेर पडली. कंपनीने नव्या प्रयोगशाळेचं नाव पुन्हा काढलं नाही. मैत्रीण तळघरातच राहिली. दोघींनाही हवं होतं ते पुरतं मिळालं नाही.

आई अधूनमधून विचारायची, "ती येत नाही गं हल्ली?"

"कामात असते," कलमबाई सांगायची. आईपाशी तिला ते नाव वाईट करवेना.

पुढच्या वर्षी मैत्रिणीचा दुसरा शोध तिच्या टेबलावर आला. त्यात दम होता. कलमबाईने पेटंटचा अर्ज नेहमीसारखाच डोळ्यांत तेल घालून लिहिला, एक शब्दही ढिला सोडला नाही. लिहिताना मैत्रिणीला विचारायच्या शंका निघाल्या सतरा. त्या तिने टाइप केल्या, जावक क्रमांक घातला आणि शिपायाच्या हाती खाली तळघरात पाठवल्या.