उन्हाळ्यात रुसणारी गाडी

“बॅटरी गेली आहे, आधीच सांगून ठेवतो. म्हणून तर स्वस्तात देतोय,” जॉन सर म्हणाले.

जुनी गाडी विकणारा स्वतःहून दोष सांगतो म्हटल्यावर मी चाटच पडलो. तीस वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो, आता लोकांना जुन्या इलेक्ट्रिक गाड्या तपासून देतो. सर निवृत्त शिक्षक, होळी गावात त्यांची केळीची वाडी. गाडी घेणार होत्या विरारच्या शिल्पा मॅडम, माझ्या क्लायंट; त्याही सोबत आल्या होत्या.

सरांच्या पत्नी मार्थाबाई ओट्यावर बसून होत्या. “माझे गुडघे गेलेत. रिक्षा वाडीत येत नाही. गाडी चार्ज होईना, तेव्हापासून माझी रविवारची चर्चमधली मिस्सा बंद. नुसती दारात ठेवून काय करू?”

मी स्कॅनर जोडला. एसओएच आला त्र्याण्णव. एसओएच म्हणजे बॅटरीची तब्येत. नवी असताना शंभर मावायचं, तर आज किती मावतं? त्र्याण्णव म्हणजे ठणठणीत. उरल्यासुरल्या चार्जवर नेऊन हायवेवरच्या चार्जरला लावली, तिथे मुकाट चार्ज झाली. परत येऊन घरच्या प्लगला लावली, तर चार्जरवर लाल दिवा.

“पावसाळ्यातही असंच करते?” मी विचारलं.

“छे, तेव्हा शहाण्यासारखी चार्ज होते. उन्हाळ्यातच रुसते. ऊन सोसत नाही तिला.”

इथे माझी ट्यूब पेटली. अर्थिंग, म्हणजे गळकी वीज जमिनीत उतरवणारी वायर, बरोबर नसेल तर हा घरचा चार्जर वीज घेतच नाही. शॉक बसू नये म्हणून केलेली सोय. मी प्लगच्या फेज आणि अर्थिंगमध्ये मीटर लावला. दोनशे तीसच्या आसपास व्होल्ट हवेत, काटा एकशे दहावर घुटमळत होता.

“सर, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी घातलं होतं?”

“त्यात पाणी घालायचं असतं?”

मला हसू आवरेना. वाडीतल्या प्रत्येक केळीला पाणी, आणि विहिरीशेजारचा तो एक खड्डा ठणठणीत कोरडा! माती ओली असली तरच वीज जमिनीत उतरते; पाऊस पडला की तो आपोआप भिजायचा, एवढंच. सरांनी चार बादल्या ओतल्या. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला.

“मग विकायची कशाला?” मार्थाबाई ताडकन म्हणाल्या.

सर ओशाळले. “अगं, मी मॅडमना शब्द दिलाय.”

शिल्पा मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मीटर गुंडाळायला लागलो. “काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आलात?” मग मार्थाबाईंकडे वळून हसल्या. “ठेवा तुमची गाडी. रविवारी माझ्यासाठीही प्रार्थना करा.” निघताना मॅडमच्या हातात केळ्यांचा घड आला. मला फार बरं वाटलं.

परतताना मॅडम म्हणाल्या, “आता आमच्या पार्किंगचा प्लगही बघून घ्या.” बघितला. तिथे अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती.

“म्हणजे ती गाडी घेतली असती तर?”

“तुमच्याकडे बारा महिने रुसली असती.”

तेव्हापासून माझ्या तपासणीच्या फॉर्मवर पहिली ओळ गाडीची नसते. घेणाऱ्याच्या घरच्या प्लगची असते.